हेमंतचं खोटं दुखणं

हेमंत गेल्याचा फोन जळगावहून त्याच्या मेहुण्याने केला. मी धुळ्यात माझ्या दवाखान्यात होतो, समोर रुग्ण बसलेला. "गाडी पारोळ्याच्या पुढे कडेला नीट लावलेली होती हो," तो म्हणाला, "इंडिकेटरही चालू होता..." दोनच तासांपूर्वी मी हेमंतला हात हलवून निरोप दिला होता. आज सहा आठवडे झाले, पण त्या दोन तासांतून मी अजून बाहेर आलेलो नाही.

आम्ही दोघं निवासी डॉक्टर असल्यापासूनचे मित्र. वॉर्डात नव्याने आलेली मुलं बावचळतात हे पाहून त्यानेच टूम काढली होती. दर गुरुवारी दुपारी एका रिकाम्या खोलीत, खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी खोट्या रुग्णावर सराव. शिकवणारे कोण, तर वर्ष-दोन वर्षं पुढे असलेलेच. "मोठ्या सरांपुढे कोणी चूक कबूल करत नाही रे," तो म्हणायचा. पुढे आम्ही आपापले दवाखाने थाटले, पण गुरुवार सुटला नाही. शिकवायचं काम ज्युनिअरांचंच राहिलं, आम्ही दोघं नुसते खोटे रुग्ण.

मी भिकार नट. हेमंत मात्र फैजपूरच्या केळीवाल्यांचा मुलगा, घरची बोली वेगळी, तरी अहिराणी अशी बोलायचा की अस्सल अहिराणी मुलखातला शिंदखेड्याचा माणूसही फसावा. छातीत दुखत असताना घरी निघालेला शेतकरी हा त्याचा हातखंडा. छाती चोळायची, चपला शोधायच्या आणि म्हणायचं, "मले काही नही, बठ्ठं बराबर शे." मला काही नाही, सगळं ठीक आहे. नव्या डॉक्टरने त्याला जाऊ द्यायचं नाही, एवढाच धडा. बहुतेक जण भिडेपोटी सोडून द्यायचे. मग एक वर्ष पुढची मुलं त्यांना चूक दाखवायची, न रागावता, कारण गेल्या वर्षी त्यांनीही त्याला असंच सोडलेलं असायचं.

त्या गुरुवारी सराव आटोपून तो फैजपूरला आईकडे निघाला. गाडीचं दार उघडून थांबला, छाती चोळली. "काय रे?" मी विचारलं.

"मले काही नही, बठ्ठं बराबर शे."

आणि मी हसलो. वर म्हणालो, "पुरे कर आता नाटक." तोही हसला... त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, हे मी पाहिलं होतं. पण एप्रिलातलं धुळं, घाम कोणाला येत नाही? हृदयविकार ओळखण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने आपल्या मित्राचं खरं दुखणं नाटक समजून सोडून दिलं. त्याच्या आईला हे मी अजून सांगू शकलेलो नाही. घरी-दवाखान्यात माणसं खूप आहेत, पण हे ज्याच्यापाशी बोलता आलं असतं तो एकच होता. फार एकटं वाटतं.

गेल्या गुरुवारी मुलांनी बोलावलं म्हणून गेलो. हेमंतचा शेतकरी मलाच करावा लागला. दोंडाईच्याची एक इंटर्न डॉक्टरच्या भूमिकेत होती. मी छाती चोळत उठलो आणि दाराकडे निघालो.

"आबा, बसा," ती म्हणाली. "ईसीजी काढल्याशिवाय जायचं नाही."

मी चालतच राहिलो. तशी ती पुढे आली, माझा दंड धरला आणि मला परत खुर्चीत बसवलं. तिची पकड काही फार घट्ट नव्हती. तेवढी पुरली.