सुटला नाही तो बॉल

दौंड स्टेशनावर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा हातात दिला आणि म्हणाले, "जमलं न्हाई तर माघारी ये पोरी. लाजायचं न्हाई." नव्वदच्या दशकाचा शेवट होता. निमोण्याहून आम्ही दोघं एसटीनं आलो होतो. जबलपूरची गाडी हलेपर्यंत त्यांनी खिडकीचा गज सोडला नाही. बेसबॉलच्या जोरावर मला सरकारी खात्यात नोकरी लागली होती. तो खेळ म्हणजे काय हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं, पण हारतुरे झाले.

निमोण्यातल्या मैत्रिणींनो, तुम्हाला वाटतं मी लई मोठी झाले. ऐका तर. मी कॅचर. बॅट मारणारीच्या मागं, तोंडाला जाळी लावून उकिडवं बसायचं आणि पिचरनं फेकलेला बॉल धरायचा. बॅटिंग माझी यथातथाच. पण शेळ्यांच्या धारा काढत वाढलेली मी, तासन्‌तास उकिडवी बसायची आणि माझ्या हातून काही म्हणजे काही निसटायचं नाही. पेपरात फोटो मात्र पिचरचा.

आई गेली. आप्पा एकटे पडले, त्यांना कमी दिसायला लागलं, एकदा चुलीवर हात भाजून घेतला. मी दौंडला बदली मागितली. एकदा, दोनदा, तीनदा. आमच्या टीमचे सर हसायचे. "बेटा, तेरे बिना टीम कैसे चलेगी? जिस दिन बॉल छूटने लगेगा, उसी दिन साइन कर दूँगा."

घ्या! जमत होतं, हेच माझं दुखणं झालं.

मग ठरवलं, बॉल सोडायचा. फायनल होती, सगळे साहेब हजर. समोरच्या टीमची एक पोरगी तिसऱ्या बेसवर, माझ्या हातून बॉल सुटला की माझ्याकडं पळत येऊन रन काढायला टपलेली. पिचरचा बॉल माझ्यापुढं टप्पा खाऊन भलतीकडंच उडाला. सोडायला इतका सोपा बॉल कधी आला नव्हता, कुणी नावं ठेवली नसती. मनात म्हटलं, जाऊ दे. तोवर अंग आपसूक आडवं झालं, बॉल छातीवर आदळून हातात आला आणि पळत आलेल्या त्या पोरीला मी आऊट केलं. टाळ्या काय, शिट्ट्या काय! मेल्या हातांनी दावा साधला. सरांनी पाठ थोपटली आणि माझा अर्ज पुन्हा ड्रॉवरमध्ये गेला.

शेवटी आप्पाच आले. शेळ्या विकल्या, घराला कुलूप लावलं. तिसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरच्या गॅलरीत दिवसभर बसून राहायचे. खाली उतरावं तर इथली भाषा येत नाही. मी ड्यूटीवरून आले की विचारायचे, "आपली गाडी कवा?"

"पुढच्या महिन्यात, आप्पा."

दर महिन्याला तेच. खोटं बोलताना जीव तुटायचा. पण विचारणारं कुणी होतं, म्हणून निमोणं अजून आपलं वाटायचं.

परवा त्यांनी विचारलं नाही. कालही नाही. आज मीच म्हटलं, "आप्पा, गाडीचं इचारलं न्हाई?"

"कशाला? हितं तू हायेस की," म्हणाले, आणि चहा मागितला.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. चहा ठेवला आणि ओट्याशी उभी राहून ओढणी तोंडात कोंबून रडले. आमच्या दोघांत घरी जायची वाट बघणारं एकच माणूस उरलं होतं. आता तेही नाही.