रविवारी काय उघडं असतं

आमच्या शहरात रविवारी पाहुणा उपाशी राहतो, असं माझी आई म्हणायची, आणि ती स्वतः लॉज चालवत होती. आठवडाभर इथे पर्यटकांची झुंबड उडालेली असते. रविवारी दुपार झाली की सगळं शहर शटर ओढून आपापल्या घरी आडवं होतं. संग्रहालयाला अर्धा दिवस, बोटवाल्यांना सुट्टी, आणि खानावळींचे स्वयंपाकी आठवड्यात एकच रजा घेतात, तीही सगळे मिळून. नवख्या माणसाला हे कोण सांगणार? तो बायकापोरांना घेऊन बंद दारं हलवत फिरतो आणि शेवटी कुणीतरी त्याला आमच्याकडे पाठवतं. "लॉजवर मावशी आहेत, त्यांना विचारा."

मावशी माझ्या सख्ख्या मावशी नाहीत. त्या आमच्याकडे पाहुण्या म्हणून आल्या होत्या, नवऱ्याबरोबर, दोन दिवसांसाठी.

मी तेव्हा शाळेत होते. ती दोघं रविवारी सकाळच्या बसने उतरली. लग्नाला फार दिवस झाले नसावेत, कारण जिना चढताना दोघंही एकमेकांच्या हातातली पिशवी ओढत होती. त्यांना मागच्या अंगाची खोली दिली. आमच्याकडे फक्त राहायची सोय होती, जेवणाची नव्हती. दुपारी मी जिन्याच्या खालच्या पायरीवर गणितं सोडवत बसले होते, तेव्हा तो खाली आला. हातात लाल फ्लास्क होता.

"इथे जवळपास काही उघडं असेल का गं?" त्याने विचारलं.

"रविवारी काहीच नसतं," मी म्हटलं.

तो हसला. "काहीतरी असेलच," म्हणाला आणि रस्त्यावर उतरला.

तो परत आला नाही.

संध्याकाळी मावशी खाली येऊन दारात उभ्या राहिल्या. आईने त्यांना बसायला खुर्ची दिली, तर त्या बसल्या नाहीत. दिवे लागल्यावर आई शेजारच्या छायाचित्रकाराला घेऊन बाहेर पडली. सकाळी पोलिस आले. पोलिसांनी इस्पितळं पाहिली, बसस्थानक पाहिलं, तलावाच्या काठाने माणसं पाठवली. दुकानदारांना विचारलं, तर ते म्हणाले, आम्ही काल बंदच होतो. लाल फ्लास्कवाला माणूस कुणी पाहिलाच नव्हता. दोन-चार दिवस पाहुण्यांच्याही तोंडी हाच विषय होता. मग पाहुणे बदलले.

मावशींचा भाऊ त्यांना न्यायला आला. चांगला माणूस होता, पण तोंडाचा फटकळ. खोलीचं दार उघडंच होतं, त्यामुळे खाली सगळं ऐकू येत होतं.

"ताई, खरं सांग. भांडण झालं होतं?"

"भांडण कसलं? मी म्हटलं, रविवारी कोण येतं अशा गावाला, निदान चौकशी तरी करायची. भूक लागली होती मला. ते म्हणाले, तू पडून राहा, मी काहीतरी घेऊन येतो."

"म्हणजे झालंच की. गेला तो. सोडून गेला. आता इथे बसून काय करणार आहेस?"

मग मावशी म्हणाल्या, "सोडून जाणारा माणूस चहाला फ्लास्क घेऊन जातो का रे?"

भाऊ एकटाच परत गेला.

मावशी राहिल्या त्या राहिल्याच. आईने त्यांच्याकडून भाडं घेणं बंद केलं, तेव्हा त्या चादरी बदलू लागल्या, किल्ल्या सांभाळू लागल्या, आलेल्या माणसाला खोली दाखवू लागल्या. कामाला त्या वाघ होत्या. पण रविवार आला की दुपारी पायात चपला सरकवायच्या आणि निघायच्या. त्यांचा हिशेब साधा होता. तो उघडं ठिकाण शोधायला गेला होता, म्हणजे जे उघडं असेल तिथे तो गेला असणार. तिथल्या कुणीतरी त्याला पाहिलं असणार. म्हणून रविवारी जे जे उघडं असेल तिथे त्या जायच्या आणि विचारायच्या. पहिल्यांदा लोक हळहळले. मग कंटाळले. मग त्यांना मावशींची सवय झाली आणि त्या आल्या की न विचारताच मान हलवू लागले.

असं फिरता फिरता शहराचा रविवार त्यांना तोंडपाठ झाला. स्टेशनसमोरचा चहावाला दुपारीही भट्टी विझवत नाही. संग्रहालय बंद झालं तरी त्याची बाग मागच्या फाटकाने बघता येते. शहराच्या जुन्या मनोऱ्याच्या पायथ्याशी एक म्हातारी ऑम्लेट-पाव देते, पण तिच्याशी आधी दोन शब्द बोलावे लागतात, नाहीतर ती अंडी संपली म्हणते. पाहुणे विचारू लागले, मावशी सांगू लागल्या. आईने त्यांना जिन्याखाली टेबल मांडून दिलं. हळूहळू दुसऱ्या लॉजवाल्यांचे पाहुणेही यायला लागले.

"मावशी, या फोनवर तर हे हॉटेल चालू दाखवतंय," एखादा म्हणायचा.

"मग फोनलाच वाढायला सांगा," मावशी म्हणायच्या. माणसं हसायची. मावशीही हसायच्या. त्यांना बघून कुणाला वाटलं नसतं, की या अजून कुणाला तरी शोधतायत.

मला मात्र ठाऊक होतं. रविवारी त्या घराबाहेर पडण्याआधी मला जवळ बोलावायच्या. "ते काय म्हणाले, सांग बरं पुन्हा."

मी सांगायची.

"आणि हसले कसे?"

"म्हणजे कसे?"

"चिडून हसले, की मजेत हसले?"

मी म्हणायची, मजेत. पहिल्या वेळी मी आठवून सांगितलं होतं. पुढे पुढे मला त्याचा चेहरा आठवेना. मी मागच्या रविवारी सांगितलेलं या रविवारी सांगत होते. रात्री झोपताना माझ्या मनात यायचं, की तो चिडूनच हसला असेल आणि मी त्यांना धीर यावा म्हणून मजेत म्हटलं असेल. मी मोठी झाले, लॉजचा कारभार बघू लागले, आई थकली, तरी मावशींचा तो प्रश्न सुटला नाही आणि माझं उत्तरही. आमच्या जिन्यावर अजूनही एखादा पाहुणा हसत खाली उतरला, की मी मान वर करते.

एका रविवारी एक जोडपं आलं. बाई जरा घाबरट दिसत होती, नवरा घामाघूम. म्हणाले, सगळं बंद आहे, कोपऱ्यावर एक गृहस्थ भेटले, त्यांनी इकडे पाठवलं.

"कोण गृहस्थ?" मी सहज विचारलं. सगळं शहर पाठवत होतं, त्यात नवल काही नव्हतं.

"तेही काहीतरी शोधत होते वाटतं," ती म्हणाली. "हातात फ्लास्क होता. आम्ही विचारलं तर म्हणाले, मला तर काही मिळालं नाही, तुम्ही लॉजवर जा."

मावशींच्या हातातल्या किल्ल्या टेबलावर पडल्या. त्यांनी फ्लास्कचा रंग विचारला नाही. त्या तशाच अनवाणी धावत सुटल्या आणि मी त्यांच्या मागे. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना खाली ओढलेली शटरं, आणि एक मांजर. मावशी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून आत बघत होत्या. हाक मारत नव्हत्या. बहुधा कुठल्या नावाने मारायची ते सुचत नसावं, कारण त्या त्याला "अहो" म्हणायच्या आणि रिकाम्या रस्त्यात "अहो" म्हणून ओरडलं तर ते कुणालाही लागू पडतं.

घरी आल्यावर आई म्हणाली, फ्लास्कवाली माणसं काय कमी असतात? तेही खरं होतं. आणि त्याच्या फ्लास्कची गोष्ट आम्हीच तेव्हा सगळ्या शहराला सांगितली होती, कुणी थट्टा केली असेल. मीही मावशींना हेच समजावलं. पण माझ्या अंगावरचा काटा दोन दिवस गेला नाही.

मावशींनी त्यानंतर त्या कोपऱ्यावरून पुढे जाणाऱ्या गल्लीत चकरा वाढवल्या. तिथे उघडं असं काहीच नव्हतं. एक जुनी खानावळ होती, तीही कधीची बंद. मालक आजारी पडून गाव सोडून गेला, भावाभावांत कोर्टकचेरी लागली आणि कुलपाला गंज चढला. पोलिसांनी शोधाशोध केली तेव्हाही त्या दाराला कुलूप होतं. कुलूप बघून ते पुढे गेले होते. मावशीही बघायच्या आणि पुढे जायच्या.

कोर्टाचा निकाल लागला आणि नव्या मालकाने खानावळ पाडायला घेतली. मागे उंच भिंतीआड अंगण होतं आणि त्याला बोळातून एक छोटं फाटक. अंगणात गवत माजलेलं. गवताखाली पाण्याची जमिनीतली टाकी होती, जिचं लाकडी झाकण कुजून आत पडलेलं होतं. कामगारांनी गाळ उपसला तेव्हा आधी फ्लास्क वर आला.

पोलिसांनी मावशींना बोलावलं. मी बरोबर गेले. फ्लास्क, एक बूट आणि अंगठी टेबलावर ठेवली होती. फ्लास्कचा रंग बराच उडाला होता, पण लाल होता हे कळत होतं. इन्स्पेक्टर तरुण होता, आवाज खाली ठेवून बोलत होता. समोरून बंद दिसलं म्हणून ते मागच्या दाराने गेले असावेत, स्वयंपाकघरात कुणी असेल तर विचारावं म्हणून. झाकणावर पाय पडला असेल. आतली हाक बोळात ऐकू येण्यासारखी नाही.

मावशींनी अंगठीला हात लावला नाही. बूट मात्र थोडा सरळ करून ठेवला.

"माझ्यासाठीच गेले होते," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"मी दर रविवारी उघडी दारं बघत राहिले. जे बंद आहे तिथे ते असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. किती वेळा गेले मी त्या दारावरून."

इन्स्पेक्टरने पाण्याचा पेला पुढे सरकवला. मावशींनी तो त्याचा मान राखायला म्हणून उचलला आणि तसाच धरून बसल्या.

भाऊ पुन्हा आला. आता तोही म्हातारा झाला होता. तो मावशींच्या समोर बसला आणि बराच वेळ नुसता रडला. त्याला इतकी वर्षं वाटत होतं की मेहुणा पळून गेला, आणि चारचौघांत त्याने ते बोलूनही दाखवलं होतं. मावशींनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. या वेळी त्या त्याच्याबरोबर गेल्या. मला वाटलं, आता काही परत येत नाहीत.

पण हंगाम सुरू व्हायच्या आत त्या आल्या. येताना माझ्यासाठी लोकर घेऊन आल्या होत्या. पहिल्याच रविवारी म्हणाल्या, "आज टेबल बंद ठेव. मला मनोरा बघायचाय."

हजारो माणसांना त्यांनी मनोऱ्यावर पाठवलं असेल. स्वतः त्या फक्त पायथ्याशी जाऊन विचारून यायच्या. आम्ही हळूहळू चढलो, त्यांना धाप लागत होती. वरून सगळं शहर दिसतं, तलाव, संग्रहालयाची घुमटी, आमच्या लॉजचं निळं पाण्याचं टाकंसुद्धा. मावशी कठड्याला धरून उभ्या होत्या.

"ती गल्ली कुठली?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. खानावळीच्या जागी आता मोकळा चौकोन होता. मावशी एकटक बघत राहिल्या. वारा इतका होता की त्यांचा पदर माझ्या तोंडावर येत होता.

"वरून किती जवळ आहे," त्या म्हणाल्या. "खिडकीतून हाक मारली असती तरी पोचली असती."

पोचली नसती. मी तसं म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा टेबलाशी बसल्या. पाहुणे आले, नेहमीसारखे त्रासलेले, उपाशी. मावशींनी त्यांना स्टेशनसमोरचा चहा सांगितला, बाग सांगितली, म्हातारीशी काय बोलायचं ते सांगितलं. मग उठून त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेल्या.

"एक सांगू? बंद असेल तर बंद. मागच्या दाराने जाऊ नका. काही नाही मिळालं तर सरळ इकडे परत या, मी भात टाकते."

पाहुण्यांना गंमत वाटली. त्यांनी हसून बरं म्हटलं.

आता दर रविवारी आमच्या चुलीवर भात असतो. मावशी मात्र सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या परत आल्याशिवाय जेवत नाहीत. शेवटची किल्ली उशिरा आली तर त्या दारातच उभ्या असतात, आणि तो आला की त्याच्या हाताला फक्त एकदा हात लावून बघतात.