गोंड्याला पाठ असलेलं घर

जुन्या सोफ्याच्या पोटात काय काय सापडतं, हे अण्णांइतकं कुणाला ठाऊक नसेल. तीस वर्षं सोफे उसवायचे आणि नव्याने मढवायचे, हाच धंदा. कंगवे, पेनांची टोपणं, एकदा तर कुणाची तरी अख्खी कवळी. पण दीड वर्षापूर्वी दुरुस्तीला आलेल्या एका कोचाच्या फाटक्या तळातून कुत्र्याचं पिल्लू बाहेर आलं, तेव्हा अण्णांच्या हातातली कात्री हातातच राहिली. मालकीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "कोच तेवढा आमचा. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

अण्णांनी बघितलं. पिल्लाचं शेपूट पडद्याच्या गोंड्यासारखं होतं, म्हणून नाव पडलं गोंडा. सकाळी अण्णांबरोबर दुकानात आणि संध्याकाळी अण्णांबरोबर घरी, असा त्याचा नेम ठरून गेला.

गेले दोन महिने मात्र या कुत्र्याचं काय चाललंय, ते अण्णांना उमगत नव्हतं. घरात तो अगदी साहेबासारखा वागायचा. जिन्याच्या पायऱ्या उतरायचा, स्वयंपाकघराचा उंबरा अलगद ओलांडायचा, जेवणाच्या टेबलाच्या चार पायांमधून न लागता न पडता जायचा. दुकानात पाऊल ठेवलं की त्याची मती फिरायची. रोज नव्याने येणाऱ्या कोचांवर डोकं आपट, खुर्चीत अडक, स्पंजच्या ढिगावर भुंक.

"घरात शहाणा नि दुकानात वेडा, असं कधी असतं का?" अण्णा बायकोला म्हणाले.

"का नसतं? तुमचं नेमकं उलट आहे," पोळी उलटत ती म्हणाली.

अण्णांना वाटलं, गोंड्याला नव्या कापडाचा वास सोसत नसेल. मग वाटलं, रुसला असेल. एक दिवस कॉलेजातल्या लेकीने त्याच्यापुढे चेंडू टाकला. चेंडू पायाशी येऊन थांबला तरी गोंडा तसाच, तोंड वर करून उभा. लेकीने चेंडू उचलून पुन्हा जमिनीवर आपटला, तेव्हा आवाजाच्या दिशेने झेपावला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "याला दिसत नाहीये."

"काहीतरीच काय! आत्ता जिना उतरून आला ना तो?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गोंड्याच्या डोळ्यांसमोर कापसाचा बोळा सोडला. पापणी हलली नाही. विजेरी मारली. बाहुली तशीच मोठी, काळीभोर. "डोळ्यामागचा पडदा वाळत गेलाय," त्या म्हणाल्या. "जन्मतःच असतं हे, हळूहळू वाढतं. औषध नाही यावर."

"अहो, पण घरी तर..."

"घर त्याला पाठ आहे, काका. आता एवढंच करा. घरातलं काही हलवू नका. आणि टोकेरी कोपरे असतील तर जरा मऊ करून घ्या."

अण्णांनी मान डोलावली. खरं तर त्यांच्या डोक्यात एकच शब्द शिरला होता, मऊ. सबंध आयुष्यात त्यांना दुसरं काय येत होतं? डोळ्याच्या पडद्यापुढे ते हतबल होते, पण कोपरा मऊ करायचा म्हणजे हातचा मळ.

रविवारी ते स्पंजची गुंडाळी, किरमिजी रेक्झिनचा उरलेला तागा, चिकटद्रव्याचा डबा आणि टाचण्या मारायची बंदूक घेऊन घरी आले. गोंड्याला लेकीबरोबर बाहेर पाठवलं आणि कामाला लागले. टेबलाचे पाय मढवले. खुर्च्यांचे मढवले. कपाटाच्या कडा, तिन्ही दारांच्या चौकटी, जिन्याचा कठडा, पलंगाची धार, सगळं. उंबऱ्यालाही गादी झाली. दाराशी पडलेलं मळकट पायपुसणं बायकोने धुवायला टाकलं. अण्णांच्या अंगात एवढा हुरूप संचारला होता, की हात चिकट झालेच आहेत म्हणून न्हाणीघराचा गळका नळही त्यांनी दुरुस्त केला.

"आता मलाही मढवून टाका," बायको म्हणाली, "म्हणजे कुणी आपटलं तरी लागायला नको." पण मनातून तीही खूश होती. सहा महिने ती त्या नळासाठी कानीकपाळी ओरडत होती.

संध्याकाळी गोंडा घरात आला. चार पावलं टाकली आणि थांबला. नाक जमिनीला लावलं, शिंकला. डावीकडे वळला, तर चौकट. उजवीकडे वळला, तरी चौकट. लागलं कुठेच नाही, पण प्रत्येक धक्क्यागणिक तो जास्तच बावरत गेला आणि शेवटी टेबलाखाली जाऊन अंग चोरून बसला.

दुसऱ्या दिवशी उठला नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याचं भांडं तोंडाशी धरावं लागलं. जागेवरच सगळं होऊ लागलं. अण्णा दुकानात, लेक कॉलेजात. दिवसभर फडकं घेऊन बसायची ती बायको. बुधवारी त्या ओल्या फरशीवरून तिचाच पाय घसरला नि मनगट सुजलं. स्वतःच्या दुखण्याची तक्रार करणारी ती बाई नव्हती, पण त्या संध्याकाळी तिने भावाला फोन लावला आणि अण्णांच्या हातात दिला.

मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, माझ्या एका दोस्ताचं गावाबाहेर कुंपण घातलेली मोठी जागा आहे. पाचसहा कुत्री आहेत, त्यात हा एक. शनिवारी येतो न्यायला."

"पाचसहा कुत्र्यांत? याला दिसत नाही रे!"

"इथे तरी काय करतोय? बसूनच आहे ना?"

अण्णांनी फोन ठेवला. त्यांना काहीच कळत नव्हतं. आंधळा होता तेव्हा जिने उतरत होता. इतकं मऊ केलं, तर पांगळा झाला. आपण त्याला बरं वाटावं म्हणून केलं की आपल्याला?

शुक्रवारी पहाटे त्यांना जाग आली. उठून त्यांनी कापडाची एक पट्टी डोळ्यांवर बांधली आणि गुडघ्यांवर बसून पलंगापासून रांगायला सुरुवात केली. हाताला रेक्झिन लागलं. टेबल. पुढे रेक्झिन. म्हणजे स्वयंपाकघराची चौकट. आत शिरले तर डोकं कपाटावर. कपाट इथे कसं? मागे फिरले, रेक्झिन. डावीकडे, रेक्झिन. नाकात नुसता चिकटद्रव्याचा भपका. आपल्याच घरात, जिथे लग्न झाल्यापासून राहतोय तिथे, अण्णा चुकले.

"हे काय? या वयात रांगताय?" दिवा लावत बायको म्हणाली.

"मी कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"माझ्या पायाशी." ती खाली बसली, पट्टी सोडायला लागली, मग तिचा हात थांबला. "थांबा. न्हाणीघर कुठल्या बाजूला आहे, सांगा बरं."

अण्णांनी कान दिला. काहीच ऐकू येईना. "काय माहीत! तो नळ गळत असता तर..."

तिने पट्टी ओढून त्यांच्या गळ्यात सोडली.

"अहो," ती म्हणाली, "सहा महिने घसा सुकवला, तेव्हा हात लावला नाहीत. आणि नेमका याच रविवारी बरा मुहूर्त सापडला तुम्हाला!"

अण्णा उठले ते पट्टी गळ्यात लोंबत असतानाच. आधी पाना घेऊन नळ सैल केला. टप्. टप्. मग पक्कड घेऊन रेक्झिन उपटायला बसले. स्वतःचं काम स्वतः उसवायचं म्हणजे अवघड. इतक्या घट्ट टाचण्या मारल्याबद्दल त्यांनी स्वतःलाच शिव्या घातल्या. आता जिन्याच्या तोंडाशी गोणपाट लावायचं, पलंगाला मखमल, बाकीचं लाकूड उघडं ठेवायचं, म्हणजे प्रत्येक जागेचा स्पर्श वेगळा, असं त्यांनी ठरवलं.

"आणि स्वयंपाकघराला?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तिथे काही नको. मी असते ना तिथे, भांडी वाजवत," ती म्हणाली. तिने धुऊन घडी घातलेलं पायपुसणं काढलं, हुंगलं, नाक मुरडलं. "छे, यात आता साबणच आहे. थांबा, तुमच्या दुकानातल्या चपला ठेवते दाराशी. त्यांचा वास लपायचा नाही."

गोंडा टेबलाखाली तसाच होता. एक कान मात्र उभा राहिला. टप्. बराच वेळ काहीच नाही. चहा उकळला, ओतला, निवला. मग पोट जमिनीला घासत तो बाहेर आला, पाण्याच्या आवाजाकडे निघाला. मध्येच वाट चुकून अण्णांच्या गुडघ्याला भिडला. अण्णांचा हात पुढे झाला.

"धरू नका," बायको दटावून म्हणाली.

गोंडा वळला आणि चौकटीच्या उघड्या लाकडावर कपाळ आपटलं. टक्. अण्णांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गोंडा डोकं झाडत होता. मग त्याने चौकटीला बाजू घासली, नीट डावीकडे वळला आणि चपलांपाशी जाऊन उभा राहिला.

दुपारी मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, उद्या किती वाजता येऊ?"

"ये की. पण रिकाम्या हाताने जायच्या तयारीने ये," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी गोंडा जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेला, गोणपाट हुंगलं, परत आला. खाली उतरला नाही. उतरेल का, दुकानात पुन्हा येईल का, अण्णांना सांगता येत नव्हतं.

"त्याला कळत असेल का गं, आपल्याला दिसत नाही ते?"

"तुम्हाला कळलं होतं? वर्षभर वाकड्या शिवणी मारत होतात आणि दोष मशिनला देत होतात. चष्मा मी नेऊन लावला."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. न्हाणीघरात नळ गळत होता. उद्या त्याखाली बादली ठेवायला हवी, असं बायको म्हणाली. मग म्हणाली, नकोच, बादलीत आवाज बदलतो.