दोन श्रावण आणि एक सिंक

गोपाळकृष्ण मोघे यांचा आवाज उज्जैनच्या मराठी प्रेक्षकांनी कधी ऐकला नाही, आणि यातच त्यांच्या कामाची थोरवी होती. आमच्या हौशी नाट्यमंडळाचे ते सत्तावीस वर्षं प्रॉम्प्टर. विंगेत स्टूल, मांडीवर वही, हातात टॉर्च. पुढे मी राणी होऊन कडाडत असायची आणि वाक्य विसरले की ते त्यांच्याकडून इतकं अलगद यायचं की मला वाटे, ते मलाच आठवलं. टाळ्या माझ्या. त्यांतली एकही त्यांनी कधी मागितली नाही.

आता ते शिक्षण खात्यातून निवृत्त होऊन गावातच नानाखेड्याला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. घरात वाटणी ठरलेली: देवघर गोपाळरावांचं, स्वयंपाकघर मीनावहिनींचं. पाणी प्यायलाही ते ओट्यापर्यंत जात नसत. दारातून हात पुढे करीत.

यंदा गुरुपौर्णिमेआधी वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन इंदूरला झालं आणि लेकीने, मानसीने, त्यांना आपल्याकडेच ठेवून घेतलं. गोपाळराव एकटे राहिले. इकडे श्रावण लागला.

आम्हा उज्जैनच्या मराठी माणसांचा श्रावण हा एक वेगळाच मामला आहे. शेजारपाजारच्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आपला पंधरा दिवसांनी. त्यांचा राखीला संपतो, आपला पुढे अमावस्येपर्यंत चालतो. बहुतेक लोक एक कोणता तरी धरतात. मोघे दोन्ही धरतात. महाकालाच्या गावात राहायचं आणि त्याच्या महिन्याला आपला नाही म्हणायचं, हे त्यांच्याने होत नाही. म्हणजे पंचेचाळीस दिवस रोज पिंडीवर अभिषेक, दूध, पाणी आणि मूठभर अक्षता. हे तीर्थ एरवी वहिनी उचलून नेत. कुठे नेत, ते गोपाळरावांनी कधी विचारलं नव्हतं. आठवडाभर त्यांनी ते कुंडीतल्या तुळशीला घातलं; तुळस पिवळी पडली, तेव्हा ते सिंकमध्ये ओतू लागले. त्यांचं म्हणणं, नाल्यातून का होईना, शेवटी क्षिप्रेलाच जातं ना.

श्रावण सरता सरता सिंकने असहकार पुकारला. भांडं विसळलं की पाणी तासभर तसंच. कोणीतरी सांगितलं, उकळतं पाणी ओता. त्यांनी ओतलं. कोणी म्हणालं, सळई घाला. त्यांनी घातली, आणि घालताना जरा आवेशच आला असावा, कारण त्यानंतर खालचा सांधा गळू लागला आणि फरशीवर पाणी पसरलं.

वहिनी शनिवारी यायच्या होत्या. गणपती चार दिवसांवर. डॉक्टरांनी बजावलं होतं, ओल्या फरशीवर पाय ठेवायचा नाही. नव्या गुडघ्यांवर घसरणं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. मानसीची अट त्याहून कडक होती: घर ठीक नसेल तर आई दिवाळीपर्यंत इंदूरलाच. लग्नाला अडतीस वर्षं झाली, एकही गणपती या दोघांनी वेगळा केलेला नाही.

प्लंबर मिळेना. आगामी सिंहस्थासाठी गावात इतकी हॉटेलं उठताहेत की सगळे प्लंबर तिकडेच. एकाने फोनवर सांगितलं, "बाऊजी, सिंहस्थ निपट जाए, फिर इत्मीनान से देखता हूँ." सिंहस्थाला अजून अवकाश होता.

शुक्रवारी सकाळी मला फोन आला. "सुमनताई, जरा येता का? आज प्रॉम्प्टिंग तुम्ही करा."

मी रिक्षा करून गेले. गोपाळराव ओट्यासमोर उभे, धोतर खोचलेलं, हातात पाना. फ्रीगंजच्या दुकानातून नवे वॉशर आणून ठेवलेले. आणि एक वही. आदल्या दिवशी त्यांनी सिंकखाली डोकं घालून सगळ्या जोडणीचं चित्र काढलं होतं आणि त्यावरून चक्क संहिता लिहिली होती: कोणता भाग आधी बाहेर पडणार, कोण नंतर, आणि परत येताना उलटा क्रम. मला म्हणाले, सिंकखाली ही प्लास्टिकची बाटली असते ना, हिच्यात थोडं पाणी कायम थांबतं, मुद्दाम. ते पाणी म्हणजे पडदा. पलीकडची दुर्गंधी आणि झुरळं त्यामुळे इकडे येत नाहीत. जे काही अडकलंय ते याच बाटलीत बसलं असणार.

मग ते फरशीवर आडवे झाले आणि मी वही धरली. "बादली खाली. बाटलीच्या बुडाची वाटी डावीकडे फिरवा." वाटी सुटली, काळं पाणी बादलीत पडलं. ते म्हणाले, बादली रिकामी करा. मी बादली उचलली आणि जन्माच्या सवयीने सिंकमध्ये ओतली.

सगळं पाणी उघड्या पाइपमधून थेट त्यांच्या डोक्यावर. खालून तोच जुना, कुजबुजता, शांत आवाज आला: "सुमनताई, बाथरूममध्ये." मला हसू आवरेना. क्षणभराने तेही हसू लागले, इतके की पाना हातातून सुटला.

वाटीत चिखलासारखा पांढरा गोळा होता. त्यांनी बोटाने तो उकलला. तांदूळ. फुगलेले, कुंकवाने गुलाबी झालेले. महिन्याहून जास्त दिवसांची पूजा तिथे बसली होती. त्यांचा चेहरा उतरला. ओल्या हातांनीच त्यांनी इंदूरला फोन लावला, स्पीकरवर.

वहिनींनी सिंकची सगळी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "अहो, मी गाळून घ्यायचे. पाणी झाडांना, अक्षता चिमण्यांना. अडतीस वर्षं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी मागे वळून बघितलंत?"

त्यात राग नव्हता, उलट गंमतच होती. पण गोपाळराव वाटीतल्या तांदळाकडे बघू लागले. विंगेत आपल्याही मागे कोणीतरी उभं होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. तेवढ्यात तिकडून मानसीचा आवाज आला, "बाबा, सिंक गळतंय? उद्या मी स्वतः बघणार. थेंब दिसला तरी आईला तशीच परत नेईन."

आम्ही पुन्हा कामाला लागलो. बाटली घासून धुतली, नवे वॉशर घातले, मी उलट्या क्रमाने वाचत गेले, ते बसवत गेले. नळ सोडला. सांध्यातून थेंब आला, पाठोपाठ दुसरा. त्यांनी नट आणखी आवळला, थेंब वाढले. वही शब्दनशब्द पाळली होती. मी चित्र पाहिलं, जुना वॉशर पाहिला, आणि मला दिसलं की त्याची एक कड निमुळती आहे. कोण कधी येणार हे वहीत होतं. येताना तोंड कुठे करायचं, हे नव्हतं. मी म्हटलं, "गोपाळराव, हे पात्र प्रेक्षकांकडे पाठ करून उभं आहे."

त्यांनी सगळं पुन्हा सोडलं. निमुळती कड सांध्याच्या आत जाईल असा वॉशर फिरवला आणि नट फक्त हाताने आवळला, पान्याशिवाय. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडलं. पाणी गरगरत, घोट घेतल्यासारखा आवाज करून गेलं. खाली वर्तमानपत्र पसरून आम्ही अर्धा तास बघत बसलो. कागद कोरडा. मी टाळ्या वाजवल्या. ते लाजले, मग चक्क कमरेत वाकून त्यांनी मला नमस्कार केला.

शनिवारी मानसी आली ती आईला खाली गाडीतच बसवून. सिंक भरलं, सोडलं, गुडघ्यावर बसून प्रत्येक सांध्यावर कागद फिरवला. गोपाळराव दारात उभे. मानसीने कागद उजेडात धरला, उलटा केला, आणि जिना उतरून गेली. वर आली तेव्हा हातात आईची बॅग होती, आणि मागे लिफ्टमधून वॉकर धरून वहिनी.

त्या सावकाश स्वयंपाकघरात आल्या. फरशी पाहिली, ओटा पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसून म्हणाल्या, "चहा ठेवा. साखर दुसऱ्या फळीवर आहे. आणि घाबरू नका, मी इथेच बसलेय."

गोपाळराव ओट्याशी गेले आणि पातेलं शोधू लागले.