माझ्या सांगण्यावरून सुटलेली मात

मैत्रिणींनो, आज लातूरला बुद्धिबळाच्या निवड स्पर्धेत माझ्या लेकीचा, प्रज्ञाचा, शेवटचा डाव होता. जिंकली असती तर राज्य स्पर्धेला गेली असती.

डावाआधी समोरच्या मुलाचे वडील हसत जवळ आले. आमच्या गल्लीत टँकर कधी पाठवायचा, हे तेच ठरवतात.

"ताई, पोरीला बरोबरी घ्यायला सांगा की. तेवढ्यावर आमचं लेकरू पुढं जातंय. टँकरचं मी बघतो, हाव."

पंधरा दिवस नळ कोरडा आहे. मी प्रज्ञाला बरोबरी घ्यायला सांगितलं.

मग खिडकीतून बघत राहिले. डाव अटीतटीला आला की आधी शह शोधायचा, मग मारता येणारं मोहरं, मग धमकीची चाल, हे तिला मीच शिकवलेलं. तिचा हात हत्तीपर्यंत गेला आणि न शिवताच मागे आला. तिनं बरोबरी मागितली.

बाहेर येऊन म्हणाली, "आई, हत्ती दिला असता की शह होता. राजाला एकच घर उरत होतं. पुढं वजिरानं मात. दिसलं होतं मला."

त्या माणसाची किळस आलीच. पण "शहाणी गं माझी" म्हणत तिच्या डोक्यावरून फिरलेल्या माझ्या हाताची जास्त आली.

संध्याकाळी टँकर आला. प्रज्ञा घागर घेऊन खाली उतरली नाही. तुम्ही असता तर तिला आता काय सांगितलं असतं?