लाल दिव्यामागचा लॅपटॉप

माझ्या मामाने सरकारी दवाखान्यात उभं आयुष्य एक्स-रे काढण्यात घालवलं. पेशंट त्याला फोटोमास्तर म्हणायचे. माणसाला थंडगार पाटीला छाती टेकवून उभं करायचं, आपण जाड आडोशामागे जायचं आणि तिथून सांगायचं, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. हे वर्षानुवर्षं केल्यावर कान वेगळेच तयार होतात. जिन्यावरून कोण येतंय हे मामा पावलांवरून नाही, धापेवरून ओळखायचा. माझं वजन वाढलं की ते आधी त्याला कळायचं आणि मग त्याच्या कृपेने सगळ्या शेजाऱ्यांना. प्लेटवर काय दिसलं ते मात्र तो कुणाला सांगायचा नाही. पेशंट कितीही काकुळतीला आला तरी "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणायचा. नियमच तसा होता. पण हा नियम घरी आणायला त्याला कुणी सांगितलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. घरातही काही वाईट बोलायची वेळ आली की मामाच्या तोंडाला कुलूप.

मी त्याची भाची. बँकेतल्या नोकरीसाठी या गावात आले आणि मामा-मामीच्याच घरात वरच्या खोलीत राहिले. जेवण खाली, टोमणेही खालीच.

त्या घरातला एक कायदा नव्या माणसाला आधी सांगावा लागतो. लाल दिवा लागलेला असेल तर दार उघडायचं नाही. पूर्वी एक्स-रेच्या फिल्म डार्करूममध्ये हाताने धुवाव्या लागत. आत धुणं चालू असलं की दाराबाहेर लाल दिवा लागायचा. मामी तेव्हा नवी नवरी होती. डबा घेऊन दवाखान्यात गेली आणि दिव्याकडे न बघता दार ढकलून म्हणाली, "अहो, जेवून घ्या." सकाळपासूनच्या सगळ्या प्लेटा काळ्या ठिक्कर पडल्या. पेशंट परत बोलवावे लागले. मामा तिच्याशी आठवडाभर बोलला नाही, आणि मामीने जी धास्ती घेतली ती कायमची. रस्त्यावरचा सिग्नल लाल झाला तरी मामी दोन पावलं मागे सरते, असं मी म्हणते. ती हसत नाही.

जिन्याखाली अडगळीची खोली आहे. तिच्या खिडकीच्या काचांना मामाने दवाखान्यातून रद्दीत निघालेल्या जुन्या फिल्म चिकटवल्या आहेत, ऊन अडवायला. दुपार कलली की समोरच्या भिंतीवर बरगड्या उमटतात. एक मनगट आहे, एक कवटीची बाजू आहे. कुणाची ते मामालाही आठवत नाही. त्यातली बरीच माणसं आता नसतील. मला त्या खोलीत जायला कधीच आवडलं नाही आणि तसं मी मामाला तोंडावर सांगितलंय.

त्यांची एकुलती एक मुलगी ठमी. माझ्याहून थोडी धाकटी, नोकरीसाठी दूरदेशी गेलेली, एकटी राहणारी. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि मायलेकींचं गुऱ्हाळ संपता संपायचं नाही. मग एकदा म्हणाली, घसा बसलाय. पुढचा फोन आटोपता झाला, त्याच्या पुढचा आलाच नाही. नुसते मेसेज यायला लागले, तेही माझ्या मोबाइलवर. ठीक आहे, काम फार आहे, आईला सांग. मग एका संध्याकाळी घरचा फोन वाजला. मामाने उचलला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं, हे मला मामाच्या चेहऱ्यावरून कळलं. तरी तो रिसीव्हर कानाला लावून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने तो हळूच ठेवला.

"कोण होतं?" मामीने विचारलं.

"राँग नंबर," मामा म्हणाला आणि ताटावर परत बसला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी लॅपटॉप आला. कोरा करकरीत, ठमीने पाठवलेला. सोबत तिचा मेसेज: "सगळं लावून दिलंय. आईबाबांना काही दाबावं लागणार नाही. फक्त झाकण उघडून इंटरनेट जोडून दे. आता यावरच भेटू." मामीने हात पुसले, केस नीट केले आणि खुर्ची ओढून बसलीसुद्धा. पण मामा खोक्यावरचा स्टिकर वाचत होता. या लॅपटॉपसाठी नवी सिस्टीम लवकरच येणार आहे आणि ती मोफत मिळेल, असं त्यावर लिहिलं होतं. त्याने ते पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "नवी सिस्टीम आल्याशिवाय याला हात लावायचा नाही."

"मामा, जुनीवर पण सगळं चालतं," मी म्हटलं. "आत्ता लावला तर आत्ता ठमी दिसेल."

"अर्धवट धुतलेली फिल्म उजेडात काढतात का?"

"ही फिल्म नाहीये."

"तुला काय कळतंय? फुकट देतायत ना ते? मग थांबायला काय जातंय आपलं?"

मामी खुर्चीतून उठली नव्हती. म्हणाली, "मला फक्त तिचा चेहरा बघायचाय हो."

"बघशील. नीट बघशील. सिस्टीम येऊ दे."

फुकटच्या गोष्टीसाठी हा माणूस कधी रांगेत उभा राहिला नव्हता. मोफत कॅलेंडरसुद्धा घरी आणायचा नाही. तेव्हाच मला खटकायला हवं होतं, पण मी नुसतीच चिडले.

लॅपटॉप अडगळीच्या खोलीत एका ट्रंकेवर गेला. अपग्रेड आलं की ते आपोआप उतरलं पाहिजे, म्हणून झाकण उघडं, वायर लावलेली, इंटरनेट जोडलेलं. धूळ बसू नये म्हणून मामाने त्यावर डार्करूमचा जुना काळा पडदा टाकला. दार लोटलं. आणि दाराबाहेर, माझा विश्वास बसेना, त्याने डार्करूमचा जुना लाल दिवा लावला.

मी ठमीला कळवलं की तुझा बाप अपग्रेडची वाट बघत बसलाय आणि लॅपटॉप काळ्या कापडाखाली अंधारात पडलाय. तिचं उत्तर लगेच आलं. "असू दे. फक्त बंद करू नका. उघडाच राहू दे." मी ते दोनदा वाचलं. चिडली नाही, हसली नाही, का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

दिवस जायला लागले. मामा नेमाने कंपनीला फोन लावायचा. तिथली पोरगी नेमाने सांगायची, लवकरच. फोन ठेवताना मामाचा चेहरा सुटका झाल्यासारखा व्हायचा. मामीला सांगायचा, "अजून नाही म्हणतात." मामी मान डोलवायची.

मग मामीचं ते सुरू झालं. संध्याकाळ झाली की ती अडगळीच्या दाराबाहेर पाट टाकून बसायची. मांडीवर ताट, ताटात सोलायच्या शेंगा, डोक्यावर तो लाल दिवा. आणि बंद दाराशी बोलायची. आज पाणी उशिरा आलं. शेजारच्यांनी भिंत रंगवली, डोळ्यांना खुपते. तुझ्या बाबांचा गुडघा पुन्हा धरलाय. मध्येच थांबायची, मान जरा कलती करून ऐकायची आणि पुन्हा बोलायला लागायची. त्या लाल उजेडात तिचे हात ओळखू यायचे नाहीत. मी जिन्यावर उभी राहून बघायचे. मामीचं डोकं फिरत चाललंय, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मामा बाहेरच्या खोलीत असायचा. ती बोलायला लागली की तो रेडिओ बंद करायचा.

एका दुपारी ते दोघं बाहेर गेले होते आणि मला स्टूल हवं होतं. स्टूल त्याच खोलीत. लाल दिवा लागलेला होता, पण मी काही मामी नाही, मी दार ढकललं. भिंतीवर बरगड्या पडलेल्या होत्या. कोपऱ्यात ट्रंकेवर काळा पडदा, त्याच्या विणीतून एक हिरवा ठिपका दिसत होता. मी स्टूल उचललं आणि ऐकलं. पडद्याखाली कुणीतरी श्वास घेत होतं. थोडा ओलसर, थोडी शीळ असलेला. लॅपटॉपचा पंखा असेल, म्हणून मी पुढे झाले. पडदा उचलायला हात लावला, कापड कोमट होतं. आणि श्वास थांबला. आत कुणीतरी तो धरून ठेवला होता. मी स्टूल तिथेच टाकलं आणि बाहेर आले ती थेट रस्त्यावर.

मामा परतल्यावर मी त्याला गाठलं. "त्या खोलीत कुणीतरी आहे."

"पंखा असेल."

"पंखा श्वास रोखून धरत नाही, मामा."

तो हसेल, निदान ओरडेल असं मला वाटलं. त्याने मामी स्वयंपाकघरात आहे हे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "कसा होता? वरवरचा होता की खोल? मध्ये अडकत होता का?"

"तुला काय करायचंय?"

"सांग ना."

"खोल होता," मी म्हटलं. "अडकत नव्हता." मामा मटकन खुर्चीत बसला. कितीतरी वेळ तो नुसता मान हलवत होता. मी त्याला खूप विचारलं, पण तोंडाला ते कुलूप.

अपग्रेड आलं ते एका रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर. अडगळीतून कसलीशी घंटी वाजली. मामाने आम्हाला बाहेर थांबवलं, आत गेला, आणि काही वेळाने त्याने मला हाक मारली. पडदा खाली पडला होता. स्क्रीनवर लिहिलं होतं की नवी सिस्टीम तयार आहे, आणि काही क्षणांत लॅपटॉप पुन्हा सुरू होईल. तो झालाही. रंग बदलले, चित्रं बदलली आणि मग त्या खोलीत मोठ्याने सूर वाजायला लागला. ठमीचा कॉल. स्क्रीनवर तिचं नाव आणि दोन बटणं, घ्या किंवा नको.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळं लावून दिलंय, काही दाबावं लागणार नाही, असं ती म्हणाली होती. जुन्या सिस्टीमवर तिने कॉल आपोआप उचलला जाईल अशी सोय केली होती. नव्या सिस्टीमने ती पुसून टाकली, म्हणून आज पहिल्यांदा वाजत होतं. आजवर ठमी रोज या खोलीत येत होती आणि काळ्या पडद्याकडे बघत बसत होती.

"दाब," मी म्हटलं. मामाचा हात वर गेला आणि तिथेच राहिला.

मामी उंबऱ्याबाहेर लाल दिव्याखाली उभी होती. मामाने तिच्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली. "त्या दिवशीचा फोन राँग नंबर नव्हता. ती होती. श्वास नाकातोंडातून येत नव्हता, गळ्यातून येत होता. गळ्याला भोक पाडून नळी बसवली की तसा येतो. घशाच्या कॅन्सरच्या किती पेशंटचे फोटो काढले मी. आवाज जातो त्यांचा, परत येत नाही." सूर वाजतच होता. "ती बोलू शकत नाही म्हणून तिने हे पाठवलं. मला कळलं होतं. पण चेहरा बघितला असता तर पुढचं पण कळलं असतं मला. किती दिवस आहेत ते. मला ते बघायचं नव्हतं."

मामीने दिव्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "पोटची पोर आहे माझी. ती रोज येऊन बसते हे मला दाराबाहेरून कळत होतं. ती बोलत का नाही तेवढं कळत नव्हतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." आणि तिने लाल दिव्याखालून उंबरा ओलांडला, मामाचा हात बाजूला केला आणि बटण दाबलं.

ठमी दिसली. केस बारीक कापलेले, गळ्याला रुमाल, रुमालाखाली नळीचा उंचवटा. ती आमच्याकडे बघत होती, पण नजर आमच्यापर्यंत पोचत नव्हती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तुमचा कॅमेरा बंद आहे. नव्या सिस्टीमने तोही बंद करून ठेवला होता. तिच्या लेखी पडदा अजून तसाच होता. तिने हनुवटी तळहातावर टेकवली होती आणि काळोखाकडे कान देऊन ती आईच्या बोलण्याची वाट बघत होती. कुणी बघतंय हे माहीत नसलेला माणूस जसा दिसतो तशी ती दिसत होती. मला ते बघवेना. मामा मात्र बघत राहिला. आधी गळा, मग ओठांचा रंग, मग डोळे, मग पुन्हा गळा.

"काय दिसतंय?" मामीने विचारलं. "खरं सांगा."

"बारीक झालीय," मामा म्हणाला. मग तो स्क्रीनच्या आणखी जवळ गेला. "पण रंग चांगला आहे. रुमाल कोरडा आहे, म्हणजे जखम भरतेय. बरी होतेय गं ती. मी उगाच..." तो ट्रंकेसमोर गुडघ्यावर बसला, गुडघा धरलेला असतानाही, आणि स्क्रीनला तोंड लावून म्हणाला, "ठमे. बाबा आहे."

ती ताठ झाली. इतक्या दिवसांत त्या काळोखातून तिला बापाचा आवाज पहिल्यांदा आला होता. तिचं तोंड उघडलं, खांदे हलायला लागले, डोळे गच्च मिटले. ती हुंदके देत होती आणि कुठेच आवाज नव्हता. मी कधी असं रडणं बघितलं नव्हतं. काय करावं ते न कळून मी लॅपटॉपचा आवाज वाढवत सुटले. शेवटपर्यंत वाढवला तरी नुसता श्वासच येत होता.

मामाने माझा हात धरला. "राहू दे," तो म्हणाला. "ऐकू येतंय."