आधी घास, मग मीठ

सुभद्राआक्कांच्या खानावळीत पहिला घास घेणं म्हणजे परीक्षेलाच बसणं होतं. ताट समोर आलं की इतर ठिकाणचे वाढपी पुढच्या टेबलाकडे वळतात. आक्का जागच्या हलायच्या नाहीत. कमरेवर हात ठेवून तुमच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडून तोंडात गेला की त्या तुमच्या भुवया वाचायच्या. तुम्ही "छान झालंय" म्हणायच्या आत त्या वळलेल्या असायच्या, कारण निकाल त्यांना कळलेला असायचा.

भवानीनगरला शाळेत रुजू झालो तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिथं नापास झालो. आमच्या घरी ताटात सगळ्यांत आधी मीठ वाढायची रीत. त्या सवयीनं मी घास न घेताच म्हणालो, "जरा मीठ द्या." सगळ्या खानावळीनं माना वळवल्या. कारखान्यातले हणमंतराव फिटर तर घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. आक्कांनी माझ्या खिशातून डोकावणारा खडू पाहिला आणि म्हणाल्या, "मास्तर, आधी चव घ्या. मग माझ्या हाताला नावं ठिवा. आन मग मीठ मागा." मी चव घेतली. मीठ मागितलं नाही. तेव्हापासून नऊ वर्षं दुपारचं जेवण तिथंच जेवतोय.

त्यांचे यजमान गणपतराव, म्हणजे सगळ्यांचे नाना, दाराजवळच्या टेबलावर बसायचे. नानांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले. नानांनी थोडी शेती केली, मग ही खानावळ टाकली. बरोबर बारा वाजता ते गिऱ्हाइकांसमोर त्याच पातेल्यातलं ताट घेऊन जेवायला बसत. खानावळीचा हा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज. "मालक जे खातोय त्येच तुमी खाताय," ते नव्या माणसाला सांगायचे. "हितं दोन पातेली न्हायती."

आक्का कधी जेवायच्या ते मात्र कुणी पाहिलं नव्हतं. एकदा हात धुवायला आत गेलो तर त्या चुलीपाशी उभ्यानंच भाकरी खात होत्या. भाकरीवर मिरचीचा खर्डा आणि त्यावर वरून जाड मीठ. मला पाहून हसल्या. "दिसभर रस्सा बघून त्यो खाऊ वाटत न्हाय वो. खर्डा बरा." मीही हसलो आणि हात धुऊन बाहेर आलो.

मग एका उन्हाळ्यात नानांना झटका आला. बारामतीच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून ते परतले ते डावा हात लुळा घेऊन. डॉक्टरांनी बजावलं होतं की मीठ निम्म्यावर आणा, नाहीतर पुढचा झटका सांगून येणार नाही. आक्कांनी नानांसाठी एक छोटं पातेलं वेगळं चढवलं. नानांनी ते ताट उजव्या हातानं सरकवून दिलं.

"इतकी वर्सं लोकांना सांगतोय, मालकाचं पातेलं निराळं न्हाय. आता निराळं? मग खानावळ बंद कर."

दोन दिवस माणूस चहावर राहिला. तिसऱ्या दिवशी आक्कांनी मोठ्या पातेल्यातच निम्मं मीठ घातलं. नाना मुकाट्यानं जेवले. गिऱ्हाइकं मात्र जेवेनात.

"आक्का," हणमंतराव म्हणाले, "नाना आजारी पडलं हे ठाऊक हाय. पर रस्सा बी आजारी पडलाय काय?"

आठवडाभरात निम्मी टेबलं ओस पडली. मंडळी फाट्यावरच्या नव्या ढाब्याकडे वळली. एकीकडे नवरा आणि दुसरीकडे खानावळ, अशा कात्रीत आक्का सापडल्या होत्या. मी पडलो शास्त्राचा मास्तर. अक्कल पाजळायची संधी मी कशाला सोडतो? म्हटलं, "आक्का, तुमचं चुकलं ते एकदम निम्मं केलंत तिथं. पुन्हा पहिल्याइतकं घाला आणि दर पंधरवड्याला चिमूट चिमूट कमी करा. जिभेला पत्ता लागत नाही. कुणाला सांगूच नका."

आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा पहिला दिवस आठवला.

"न सांगता? आपुन काय शेरडाला औषीद पाजतोय व्हय? मान्सं हायती ती, मास्तर. त्यास्नी ठरवू द्या की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतला एक जुना फळा मागून घेतला आणि मला मजकूर सांगितला: "हितं मीठ कमी घालत्यात. मालकाला झटका आला हुता. ज्याला पायजे त्यानं वरनं घ्यावं. आधी घास, मग मीठ." मी जरा शुद्ध करून लिहायला लागलो तर म्हणाल्या, "हाय तसंच ल्ह्या. गिऱ्हाईक हितं जेवाय येतं, शाळा शिकाय न्हाय." मग त्यांनी प्रत्येक टेबलावर मिठाची एक वाटी ठेवली. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला वरून मीठ घेऊ दिलं नाही, तिनं स्वतःच्या हातानं वाट्या मांडल्या. तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. धूर लागला असं त्या म्हणाल्या. चूल विझलेली होती.

हणमंतराव फळ्याची बातमी ऐकून नुसती गंमत बघायला आले. बसल्या बसल्या हात वाटीकडे गेला, तो आक्कांनी मनगटापाशी धरला. "आधी घास." हणमंतरावांनी घास घेतला. आक्का भुवयांकडे बघत होत्या. "चालंल," असं म्हणून हणमंतरावांनी वरून चमचाभर मीठ घेतलं. महिन्याभरात त्याची चिमूट झाली, पावसाळा सरता सरता त्यांचा हात वाटीची वाटच विसरला. काही जण शेवटपर्यंत चमचाभर घेत राहिले. आक्का त्यांनाही तेवढ्याच मायेनं वाढायच्या. "त्यांची जीभ, त्यांचा इचार," म्हणायच्या. हळूहळू टेबलं पुन्हा भरली.

आणि मग एका दुपारी नाना म्हणाले, "ती वाटी हिकडं दे."

आक्का थबकल्या. "तुमाला न्हाय."

"का? रस्त्यानं जाणाऱ्याला इचारतीस. मग मला कोन इचारणार? मेंढरास्नी बी आमी मीठ चाटाय द्यायचो."

मला वाटलं, आक्का आता रागावतील किंवा रडतील. त्यांनी वाटी उचलली आणि स्वतः नानांसमोर ठेवली. "घ्या. पर कायदा तुमाला बी त्योच. आधी घास."

नानांनी घास घेतला. आक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. नानांचा चांगला हात वाटीवर गेला. माझा घास तोंडात तसाच राहिला. नानांनी दोन खडे बोटावर घेतले, जिभेवर ठेवले आणि वाटी परत सरकवली.

"ऱ्हाऊ दे. रस्सा झ्याक झालाय."

आक्का आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. त्या दिवशी मला दुसरी भाकरी मिळाली नाही, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

नाना अजून आहेत. आक्का गेल्या. गेल्या थंडीत भाकरी थापता थापता त्या चुलीपाशी बसल्या आणि उठल्या नाहीत. दवाखान्यात म्हणाले, रक्तदाब कित्येक वर्षांपासून वाढलेला असणार, कधी मोजला नव्हता का? कुणी मोजला नव्हता. भेटायला गेलो तेव्हा नाना त्याच दाराजवळच्या टेबलावर बसले होते. समोर ताट नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, "साऱ्या दुनियेचा पयला घास तिनं बघितला. तिचा कुणी बघितला व्हता का वो?"

मला चुलीपाशी उभ्या असलेल्या आक्का आठवल्या. खर्डा आठवला, वरचं जाड मीठही आठवलं. मी शास्त्राचा मास्तर, आणि हसून हात धुऊन बाहेर आलो होतो. याची लाज मला अजून वाटते.

खानावळ आता सून मनीषा चालवते. फळा आणि वाट्या आहेत तशाच आहेत, बदललाय तो एक रिवाज. बारा वाजता पहिलं ताट मनीषाचं, नानांच्या समोर, बसून. ती जेवायला लागल्याशिवाय कुणालाही वाढायचं नाही. हणमंतरावांची जेवणाची सुट्टी सरत असते, पण तेही कुरकुरत नाहीत.

"हं," नाना म्हणतात, "आधी घास."

मनीषा लाजत लाजत भाकरी मोडते, आणि हात धुऊन बसलेले आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहतो.